दोरावरून आलेली फोड

मी बोरगाव सोडलं तवा दारात माही जाऊ पार्बती होती, शेजारचा गोविंदा होता, त्याची बायको लीला होती, अन् मले न्यायले आलेला माहा पोरगा दिनेश. बस, एवढेच. दिनेशच्या बापाले जाऊन वरीसही झालं नव्हतं. मी एकटी आंगनात पडली, मनगट मोडलं, म्हून पोरगा भोपाळहून आला. घराले ताला त्यानंच लावला.

पार्बती लय रडली. मले म्हने, "वं बाई, तुहे डोये कोरडे कसे?" हातावर झोपलं का हात मुका होते ना, तसं झालं होतं.

घरामांगं संत्र्याचं झाड हाये, दिनेशच्या बापानं लावलेलं. लीलानं त्याचा एक संत्रा तोडला अन् माह्या पदराच्या वट्यात टाकला.

पांढुर्ण्याच्या स्टेशनावर जाताना मोहगावचा फाटा लागला, अन् मले तिथली जुनी मंडई, दिवाळीनंतरची जत्रा, डोयापुढं दिसली. नवं लगन झालं होतं. मंडईत दुपारी नाटक राहे. बैलबंडी जुपून आमी सारे गेलो. मंधात दोर बांधलेला. इकडं बाया, तिकडं मानसं. नवरा-बायको असन तरी तसंच. नाटकातला राजा रडून राहिला होता, तं मांगून कोनं तरी खांद्याले बोट लावलं. दिनेशच्या बापानं तिकडून संत्रा धाडला होता, सोलून. दोरावरून, या हातातून त्या हातात. पन आमच्या बाया सोडते का? साऱ्याइनं एकेक फोड खाल्ली. मले पोचली एक. पार्बती तोंड पुसत म्हने, "अख्खा धाडला होता वं तुह्या नवऱ्यानं, रस्त्यातच आटला!" राजा रडे अन् आमी हासो.

वापस येताना बंडीत दिनेशच्या बापानं हयूच इचारलं, "गोड होता?"

"होता."

मंग दर मंडईले धाडे. दोन दोन धाडे. तरी मले एकच फोड पोचे.

लीलानं देल्लेला संत्रा मी रेलगाडीत खाल्ला नाही. सुनेनं फ्रिजमधी ठेवला, मंग सुकला म्हून फेकला. तिची चूक नाही.

इथं चौथा माळा हाये, लिफ्ट हाये. घरी होती तं उठली का आंगन झाडनं, सडा टाकनं, चुलीवर चाहा मांडनं. इथं झाडू माराले बाई येते. खालच्या बाया म्हनते, "आंटीजी, आइये ना, बैठिये." जातो, बसतो, वापस येतो. जेवतो बी. तरास काही नाही.

दिनेश म्हनते, यंदा मंडई झाली का घर इकून टाकू. बंद घराच्या लाकडाले वायवी लागते, खरं हाये त्याचं. मी हो म्हनलं. घेनारा ते झाड तोडून खोली काढनार हाये.

हे मी बोलून राहिली अन् नात मोबाईलवर लिहून राहिली. गावच्या ग्रुपवर टाकते म्हने. तं बोरगावचं जे कोनी हे वाचन, त्याइले सांगनं हाये. भोपाळले कोनाचं काम निंघालं, तं झाड हाये तवरिक त्याचा एक संत्रा आनजा. वाटंत भूक लागली तं खाजा, लेकराइले देजा. मले एक फोड ठेवजा.