चाचांचा रिमोट

भोरला आमच्या शेजारी राहणाऱ्या चाची बोलायला आल्या तरी उंबऱ्यावरच उभ्या राहत. चाचा वारल्यावर त्यांनी बंद पडलेला टीव्ही भंगारात दिला, पण रिमोट ठेवून घेतला.

मी कॅमेऱ्याचा मोबाईल घेतल्याचं कळलं तशा त्या रिमोट घेऊन आल्या. "टीव्ही दुरुस्तीवाला म्हनला, चालू हाय का ते मोबाईलमदी दिसतंय. बघ की जरा."

मी रिमोटवर कॅमेरा धरला आणि त्यांना बटण दाबायला सांगितलं. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. मोबाईलच्या पडद्यावर मात्र रिमोटच्या टोकाशी जांभळट ठिपका लुकलुकला. चाची पुन्हापुन्हा बटण दाबत राहिल्या.

"ह्यांनी कदी कुनाच्या हातात दिला न्हाई," त्या हसल्या. "बातम्या लावून बसायचे. आमी आपलं गप."

मग दर महिन्या-दोन महिन्यांनी त्या येऊ लागल्या. एकदा त्यांनी नवे सेल घालून आणले होते. मला राहवलं नाही.

"चाची, टीव्हीच नाही, मग सेल कशाला घालता?"

त्यांनी बटण दाबून धरलं. पडद्यावरचा ठिपका बघत त्या हळूच म्हणाल्या, "घरात ह्यांचं एवढंच चालू हाय."