आंतुनच्या बाटल्या, लोशाचा मका

लोशाच्या नवऱ्याला त्याच्या सख्ख्या भावानं कोयत्यानं तोडलं. भर दुपारी, झऱ्यावर. मी, त्यांची शेजारीण मारुच, पलीकडच्या उतारावर मेंढ्या चारत होते. पहिला घाव पेतुलच्या खांद्यात बसला, दुसरा मानेत. भांडण कशाचं, तर पाण्याची पाळी कुणाची! आंतुननं कोयता गवताला पुसला आणि पडलेल्या भावाला म्हणाला, "भर आता पाणी." मेल्याच्या तोंडात किडे पडोत.

आमच्या चियापासच्या डोंगरात कोरड्या दिवसांत झरे आटतात, पण काळ्या कोल्ड्रिंकचा ट्रक कधी आटत नाही. देवापुढे तेच, सोयरिकीला तेच, आणि भांडण मिटवायलाही तेच. गुन्हा करणाऱ्यानं खोकी आणायची, गुडघे टेकून बाटली पुढं करायची. समोरच्यानं घोट घेतला की माफी झाली. मग पुन्हा तो विषय काढायचा नाही, शहरातल्या पोलिसांकडं जायचं नाही.

आंतुननं अंगणभर खोकी रचली. पंच बसले. लोशानं बाटली हातात घेतली, तोंडापर्यंत नेली आणि खाली ठेवली.

"घशाखाली उतरत नाही," ती म्हणाली. "घरी ठेवून जा. बघते."

"बघ, पण पावसाच्या आत बघ," थोरले पंच मिकेल म्हणाले. "लोंबकळत ठेवू नकोस, पोरी."

तिनं प्यावं म्हणून आंतुननं झरा अडवला. लोशा घागर घेऊन गेली की तो काठी घेऊन उभा. "आधी पी वहिनी, मग पाणी." एकदा घागर फोडली, एकदा तिचं मनगट मोडलं. मग ती खालच्या ओढ्यावरून, पाठीवर कॅन बांधून, अर्धा डोंगर चढून प्यायचं पाणी आणू लागली. मका मात्र गुडघाभर वाढून सुकत चालला होता. वर्षाचं पोट त्या मक्यावर.

एका सकाळी बघते तर बाई बाटल्या फोडून मक्याच्या बुंध्याशी ओततेय!

"अगं, डोकं फिरलं का तुझं?"

"पाणी देत नाही ना तो? मग हे देते."

खरं सांगते, मला ते पटलंसुद्धा. आमच्याकडं दमलेला माणूस बाटली रिचवतो आणि पुन्हा कुदळ उचलतो. बाळंतिणीला तेच, आजाऱ्याला तेच. मग मका का नाही उठणार? पहिले काही दिवस पानं तरतरीत दिसलीही. मी गावभर सांगत सुटले की लोशाची कणसं यंदा गोड निघणार.

गोड कसली, डोंबल! आधी मुंग्या आल्या, मग माश्या. मातीला आंबूस वास सुटला. ओलं रान असून पानं तहानेल्यासारखी गुंडाळली, कडा पिवळ्या पडल्या. मी एक रोप उपटलं तर मूळ बुळबुळीत, काळं. साखरेनं मुळांचं पाणीच तोडलं होतं.

"थांबव बाई, पिकाचा जीव घेतेयस!"

"अजून खोकी आहेत," ती म्हणाली आणि पुढची बाटली फोडली.

फक्त दाराजवळची एक ओळ तिनं वेगळी ठेवली होती. तिला ओढ्याचं पाणी, भांडी विसळलेलं.

ही बातमी आंतुनला लागली आणि तो पंचांना घेऊन नाचतच आला. "जमीन प्याली! माझ्या भावाची जमीन प्याली म्हणजे त्याचं घर प्यालं. माफी झाली!"

आता आमच्यात पहिला घोट जमिनीलाच सांडतात, त्यामुळं पंचही मान डोलवायला लागले. मिकेल म्हणाले, "लोशा, जमिनीनं घेतलं तर तुला नाही म्हणता येत नाही."

झालं, गेली की पोलिसांची केस!

लोशा शेतात शिरली. दोन्ही हातांनी एक रोप उपटलं आणि मागं फिरून मुळासकट आंतुनच्या तोंडावर हाणलं. एकदा, दोनदा. सडका चिखल त्याच्या डोळ्यांत गेला.

"प्याली? वास घे! प्याली असती तर पीक आलं असतं. ओकली ती! तुझा घोट तिला पचला नाही!"

"उन्हानं मेलंय ते!" तो डोळे चोळत ओरडला.

"मग दारची ओळ कशी हिरवीगार? तेच ऊन, तीच माती. तिला फक्त पाणी घातलंय मी."

मिकेल वाकले. त्यांनी दारचं रोप उपटलं, पांढरं मूळ पाहिलं. मग सडलेलं नाकाशी नेलं आणि तोंड फिरवलं. "नाही घेतलं जमिनीनं," ते म्हणाले. "माफी नाही."

आंतुननं कोयता उपसला. लोशाच्या डोक्यावर तो उतरणारच होता, पण मी धोंडा भिरकावला आणि तो त्याच्या कानशिलात बसला. मग पुरुष तुटून पडले त्याच्यावर. हात मोडला, दात पडले. तो वहिनी वहिनी करत होता आणि कुणी थांबत नव्हतं. मेंढरासारखे चारी पाय बांधून त्याला शहरात पोलिसांकडं नेलं. मला कीव आली म्हणाल, तर नाही आली.

सगळे गेल्यावर लोशा त्या मेलेल्या मक्यात बसून राहिली. तिचं मोडलेलं मनगट पुन्हा सुजलं होतं.

"मुद्दाम मारलंस ना गं पीक?" मी विचारलं. "आता वर्षभर खाणार काय?"

ती म्हणाली, "ते बघू. आधी मला रडू दे, मारुच. माफी नाही द्यायची, नाही द्यायची, या नादात पेतुलसाठी रडायचंच राहून गेलं."

आणि तिनं असा हंबरडा फोडला की वरच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली. त्या चिकट मातीत ती लोळत होती, मुंग्या तिच्या हातांवर चढत होत्या, आणि मी शेजारी बसून त्या झटकत होते.