टाइमटेबलाखालची सही

गोपालकृष्णरावांनी आयुष्यात दुसरं काही केलं असो वा नसो, टाइमटेबल केलं. कुंभकोणमच्या एका हायस्कुलात ते एकतीस वर्षं गणित शिकवत होते. पण गणिताचे मास्तर काय, पैशाला पासरी. अडतीस शिक्षक, बावीस वर्ग आणि एकच प्रयोगशाळा यांची दर जूनमध्ये मोट बांधणारा माणूस मात्र शाळेत एकच. एका तासाला दोन मास्तर एकाच वर्गाच्या दारात उभे राहिले, असं आपल्या कारकिर्दीत कधी घडलं नाही, हे ते स्वतःच सांगत, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगत. प्रत्येक तक्त्याच्या उजव्या कोपऱ्यात तांबड्या शाईत त्यांची सही असे. हेडमास्तरांची तिच्याखाली, जागा उरली तर.

असा हा माणूस निवृत्तीनंतर सापडला दीड वर्षाच्या नातवाच्या तावडीत. नातवाचं नाव विघ्नेश, आणि जेवणाच्या बाबतीत विघ्नं आणायचं कामच त्याने पत्करलेलं. घास समोर आला की मान फिरवायची. चुकून तोंडात गेलाच, तर गालात धरून ठेवायचा आणि अर्ध्या तासाने आजोबांनी नेसलेल्या वेष्टीवर सोडायचा. वजनाचा काटा नऊ किलोवर जो बसला तो तीन महिने उठेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरू नका, महिन्याने परत आणा.

पण घरात घाबरायला कारण होतं. सून जननी हिला तिरुभुवनमच्या रेशीम विणकरांच्या सोसायटीत साड्यांची डिझाइनं काढायची नोकरी मिळाली होती आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हायचं होतं.

"मामंजी, लेकराला असं उपाशी टाकून मी कशी जाऊ?" ती म्हणाली. "काटा हालला नाही तर येत नाही म्हणून लिहून टाकतें."

गोपालकृष्णरावांच्या पत्नी जयलक्ष्मीबाई तिथेच पालेभाजी निवडत होत्या. त्यांनी मान खाली घालून निवडणं चालू ठेवलं. पण गोपालकृष्णरावांना सुनेचं ते वाक्य बोचलं, कारण ते त्यांनी याच घरात बत्तीस वर्षांपूर्वी बायकोच्या तोंडून ऐकलं होतं. चोळपुरमच्या शाळेत विज्ञान शिकवायची ऑर्डर जयलक्ष्मीबाईंच्या हातात होती, आणि विघ्नेशचा बाप शशांक तेव्हा एवढासाच होता, जेवत नव्हता. "मग सोडून दे की," असं पेपरातून मान वर न काढता जे कोणी म्हणालं होतं, ते हेच गोपालकृष्णराव. तो शशांक आज चेन्नईत चौऱ्याण्णव किलोचा आहे, आणि शनिवारी घरी आला की अकरा इडल्या झाल्याशिवाय उठत नाही.

"सोडायची नाही!" गोपालकृष्णराव ओरडलेच. "एक महिना मज दे. मी टाइमटेबल करतों."

आणि केलं! मोठा चार्टपेपर, सात दिवस, दिवसाचे सहा तास, बेचाळीस चौकोन. सोमवारी नाचणीची पेज, मंगळवारी पोंगल, बुधवारी भाताबरोबर अंबट भाजी, गुरुवारी उकडलेलं नेंद्रन केळं, शुक्रवारी पिटलं. आठवड्यात एक पदार्थ दुसऱ्यांदा येईल तर शपथ. डाळीला पिवळा रंग, भाजीला हिरवा, फळाला तांबडा. शेजारचे वैद्यनाथ तक्ता बघायला आले आणि "बेश, बेश!" म्हणून कॉफी पिऊन गेले.

विघ्नेशने तक्त्याला कवडीची किंमत दिली नाही. बुधवारची अंबट भाजी भिंतीवर गेली, पिटल्याची वाटी पंख्याखाली वाळली. दहा दिवस गेले. जननीने नकार लिहायला कपाटातून कोरा कागद काढला. आपल्यामुळे या घरातली दुसरी ऑर्डरही वाया जाणार, या विचाराने गोपालकृष्णरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. आता घरात न जेवणारे दोघे झाले.

"शाळेचं करताना अगोदर काय करत होतात?" जयलक्ष्मीबाईंनी त्यांचं ताट उचलता उचलता विचारलं.

"असक्यांना, एकूण एकाला पुसत होतों. कोणाची बस कधी येते, कोणाला कुठला तास जमत नाही."

"मग ह्याला पुसलांत?"

"अगे, त्याला बोलता कुठे येतं?"

"बोलायला कशास हवं? चार दिवस तक्ता कोरा ठेवा. तो काय करतो ते मी सांगतें, तुम्ही लिहा."

मास्तर लिहू लागले. पावणेसहाला उठला, दूध. आठला इडलीपुढे मान फिरवली. बिचारा उपाशी राहील म्हणून आईने दूध दिलं. बाराला भात थुंकला. आजोबांनी हळूच साखर घालून दूध दिलं. ते तक्त्यात नव्हतं, म्हणून आपण ते दिलंच नाही असं आजोबा इतके दिवस धरून चालले होते. तीनला दूध. पाचला दूध. रात्री पुन्हा दूध, आणि निजताना वर एक.

जयलक्ष्मीबाईंनी दुधाच्या सातही नोंदींवर बोट ठेवलं. "हा कोण मास्तर? टाइमटेबलात नाव नाही, आणि दिवसाचे सात तास खातो. बाकीच्यांनी वर्गात शिरायचं कुठून?"

गोपालकृष्णरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिवाय बाईंनी आणखी एक हेरलं होतं. पूजा आटपून सव्वादहाला त्या दहीभात घेऊन बसल्या की विघ्नेश आपण होऊन येतो आणि ताटात हात घालतो. चारला पुन्हा येतो. बाराला त्याला भूक नसतेच. बारा ही शाळेची भूक, त्याची नव्हे.

नवा तक्ता पाठकोऱ्या कागदावर झाला. दूध सकाळ-रात्र, दोनदाच. सव्वादहा आणि चार हे मोठे तास, आजीच्या शेजारी बसून, तिच्याच ताटातलं, तिखट सोडून. पदार्थ बेचाळीस नाहीत, नऊच. आवडेल तो दोनदा, तीनदा.

पहिले तीन दिवस पोराने दुधासाठी घर डोक्यावर घेतलं. जननी दाराआड रडली. आजोबांचा हात पातेल्याकडे गेला, पण बाईंनी पातेलं फळीवर चढवून ठेवलं होतं आणि स्टूल लपवलं होतं. चौथ्या दिवशी सव्वादहाला विघ्नेश आला, बसला, आणि दहीभात, वर उडदाच्या पिठाची डांगर पच्चडी, वर अख्खं केळं असं सगळं स्वाहा करून ताट चाटू लागला. गोपालकृष्णरावांनी खिडकीतून वैद्यनाथांना हाक मारली: "अहो, जेवला! असका जेवला!"

महिनाअखेरीस दवाखान्यात काटा थांबला नऊ किलो चारशेवर. डॉक्टरीणबाईंनी तो आकडा एकदा वाचला. गोपालकृष्णरावांनी तीनदा, शेवटच्या बाकावर ऐकू जावा असा.

एक तारखेला जननी तिरुभुवनमच्या बसमध्ये चढली. तिने हात हलवला. विघ्नेशचं लक्ष नव्हतं, सव्वादहा व्हायला आले होते.

त्याच दुपारी गोपालकृष्णरावांनी तक्ता चांगल्या कागदावर उतरवला, पट्टीने रेघा मारून. सही करायला तांबडं पेन उघडलं, आणि ते बायकोपुढे धरलं.

"हे काय?" जयलक्ष्मीबाई म्हणाल्या.

"केलं कोणी? ज्याने केलं त्याने सही करायची. बत्तीस वर्षांपूर्वी हे पेन देण्याऐवजी मी पेपर वाचत बसलों. चुकलं माझं."

बाईंनी पदराला हात पुसले. सावकाश, वळणदार अक्षरांत नाव लिहिलं. थोडं थांबल्या आणि बत्तीस वर्षांत कुठेच न लिहिलेलं पुढे लिहिलं: जयलक्ष्मी, बी.एस्सी., बी.एड.