कुलपाआडून आलेला आवाज

भूत, भास, असलं काही निघालं की मी हसणारी बाई. आमच्याकडे अमावास्या कधी येते हेही कुणाला ठाऊक नसतं... पण तासगावातली ती दुपार आठवली की माझं हसू थांबतं.

नवरा फौजेत, पोस्टिंग लांब. मी आणि सासूबाई (त्यांना मी आत्या म्हणते) बेदाण्याच्या शेडपलीकडे दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. आत्यांना पॅरालिसिस झालेला. वाचा पार गेलेली, घशातून साधा हुंकारही निघत नसे.

मालकाला त्या जागेवर कॉम्प्लेक्स बांधायचा होता. आम्ही हलत नाही म्हणून त्याने नळ तोडला. मी एक वकीलबाई गाठल्या. त्या म्हणाल्या, "कोर्टाच्या हुकुमाशिवाय तो तुम्हाला काढू शकत नाही. पाणी तोडायचाही त्याला हक्क नाही. आपण अर्ज टाकू. तुम्ही फक्त ताबा सोडू नका."

पण तोवर प्यायचं काय? झळा लागू नयेत म्हणून खिडक्या आतून लावल्या, दार ओढून घेतलं आणि कळशी घेऊन बोअरवर गेले. परत येते तर दाराला मालकाचं कुलूप, आणि तो आपली माणसं घेऊन दारात उभा!

"मालक, आवं आत्या आत हायत!"

"खोटं बोलू नगंस. म्हातारीला कालच गावाकडं धाडलीस. मी हाका मारल्या की, कोन बोललं न्हाई."

कोण बोलणार होतं? वर पत्रा, आत नुसती भट्टी... मी दगड उचलला, तर त्याच्या माणसांनी हात धरले. शेवटी पोलिसांना फोन केला. हवालदार आले, त्यांनी दार वाजवलं. "आजी! आत कोन हाय का?"

काहीच नाही. "त्यांची वाचा गेलीया," मी सांगितलं, पण मालक म्हणत राहिला की घर रिकामंच हाय.

"बाई, ह्ये दिवाणी मॅटर हाय. कोर्टात जावा."

ते गाडीकडे वळले. मी त्यांचे पाय धरले. रडूसुद्धा येईना...

आणि दाराच्या अगदी पलीकडून, फळीला तोंड लावून बोलावं तसा आवाज आला — "मी हाय आत. कुलूप काढा."

मालकाचा चेहरा पांढराफटक पडला.

"आता ह्ये दिवाणी न्हाई," हवालदार गरजले. "माणूस कोंडलाईस तू! काढ कुलूप!"

दार उघडलं. दाराशी कुणीच नव्हतं. आत्या मागच्या खोलीत, मी निजवलं होतं त्याच कुशीवर. घामाने निथळलेल्या, डोळे फिरलेले. चमच्या-चमच्याने पाणी पाजलं, तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आत्या, तुमी बोलला व्हय?"

ओठ हललेही नाहीत.

मालकावर गुन्हा दाखल झाला. पुढे कोर्टाचा मनाई हुकूम मिळाला, नळ परत आला. आत्या दिवाळीपर्यंत होत्या — एक शब्द न बोलता. डॉक्टर म्हणाले, त्यांना बोलणं शक्यच नव्हतं.

तरी मी मनाला समजावलं होतं, जिवाच्या आकांताने बोलल्या असतील. माझं लग्न त्यांच्या आजारपणानंतरचं, मी त्यांचा आवाज कधी ऐकलेलाच नव्हता. नवरा सुट्टीवर आला तेव्हा त्याने विचारलं, "कसा होता गं आवाज?"

"घोगरा. जरा जाडसर."

त्याने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आईचा आवाज लय बारीक होता."

मग दाराशी कोण होतं? मला खरंच माहीत नाही.