पाणबुड्या आतेभाऊ

माझ्या आतेभावाइतका जमिनीवर बावचळलेला माणूस अख्ख्या मुंबईत दुसरा सापडायचा नाही, हे मी स्टँपपेपरवर लिहून द्यायला तयार आहे. मूळचा मालवणचा, राहणार कांजूरमार्ग, लग्न केलं नाही, आत्या गेल्यापासून घरात एकटा. नोकरी आयुष्यभर पाणीखात्यात, पण पाण्यात पहिल्यांदा उतरला तो निवृत्त झाल्यावर. गावी गेला असताना तारकर्लीला कोणीतरी पाठीवर सिलिंडर बांधून त्याला समुद्रात सोडलं, आणि वर आला तो कामातून गेलेलाच. मग रीतसर शिकला, आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात अंदमान. सगळी पेन्शन प्रवाळाच्या चरणी.

तिथली शिस्त त्याने आमच्या मुलुंडपर्यंत आणली. वर येताना मध्येच थांबायचं, झपकन वर आलं की रक्तात बुडबुडे होतात, असा पाणबुड्यांचा नियम आहे म्हणे. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. हा दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून डोळे मिटून उभा राहतो. एकदा तिथल्या बेनना वाटलं, गेला हा! त्यांनी धावत खुर्ची आणली, पाणी आणलं, जिभेखाली ठेवायची गोळीसुद्धा आणली. "कुछ नहीं बेन, आदत है," म्हणाला, पाणी तेवढं प्यायला आणि वर आला. दुसरा नियम, एकट्याने उतरायचं नाही. जोडीदार हवाच, आणि उतरण्याआधी दोघांनी एकमेकांचे पट्टे, नळ्या, सगळं तपासायचं. भाचीच्या लग्नाला निघालो तर याने आमच्या ह्यांना दारात उभं करून शर्टाची बटणं, चष्मा, पाकीट, किल्ल्या सगळं चाचपलं, आणि मग स्वतः हात पसरून उभा राहिला, "आता माका बघा." हे वैतागून म्हणाले, "अरे, लग्नाला नेतोयस की चंद्रावर?"

आणि मासे! मालवणी माणसाने मासे सोडावेत? मी मुद्दाम त्याच्यासाठी तांबोशी तळली, तर ताटाला हात जोडून म्हणाला, "ह्येका मी भेटलंय गो!" "मेल्या, मग शेपू खा," म्हटलं, आणि खरंच शेपू वाढला. तोही आवडीने खाल्ला, आणि खाता खाता सांगत बसला. पोपटासारख्या चोचीचे हिरवेनिळे मासे प्रवाळ कसं कुरतडतात, चणे खाल्ल्यासारखा कुडुमकुडुम आवाज येतो. बोटाएवढा नारिंगी मासा घर राखायला थेट आपल्या तोंडावर चाल करून येतो. कासव तर शेजारून असं जातं, की आपण त्याच्या खिजगणतीतही नाही. ऐकताना माझी भाजी दोनदा करपली आहे.

या वर्षी मात्र कानाच्या डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. पडदा गेलाय, आता पाण्याखाली जायचं नाही, कधीच नाही. हे त्याने फोनवर सांगितलं आणि लगेच कांदे महागल्याचं बोलायला लागला. मला राहवेना. डबा घेऊन कांजूरला गेले. टीव्ही चालू, आवाज बंद.

"अरे, मासे टीव्हीवर बघ की," मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"माशांचा काय नाय गो," तो म्हणाला. "मासे दिसतत. पण खाली जोडीदार असता. अनोळखी असलो तरी थोड्या थोड्या वेळान वळान बघता, हो मागे असा ना, म्हणान. हय घरात कोण बघता?"

डबा रिकामा करून घेतला, भाजी फ्रीजमध्ये ठेव म्हणून दोनदा बजावलं आणि निघाले. लिफ्टपर्यंत गेले आणि वळून बघितलं. दारात उभा होता.

"जा गो, उशीर होतलो तुका," म्हणाला. पण दार काही लावलं नाही.