भिशी चालवणारा माणूस

“म्हणजे तुम्हा लोकांची स्वतःची बँक आहे तर!”

लॅपटॉपच्या पडद्यावरचा गोरा अधिकारी हसला. मीही हसलो.

त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

लॉकडाऊन होता. परदेशात, वेरिबी उपनगरातल्या घरात, वाळत घातलेल्या कपड्यांशेजारी बसून मी मुलाखत देत होतो. एका सरकारी खात्याचे कॉम्प्युटर सांभाळायचं माझं कंत्राटी काम. ते टिकवायचं तर सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे माणूस भरवशाचा असल्याचा सरकारी दाखला, हवा. त्यासाठी सगळं आयुष्य उलगडून दाखवावं लागतं. क्रेडिट कार्डावरचं कर्ज मी आपणहून सांगितलं होतं. काहीही लपवलं नव्हतं.

कर्ज भिशीचं. आम्ही काही मराठी घरं दर महिन्याला पैसे जमवतो, सगळी रक्कम आळीपाळीने एकाला मिळते. व्याज नाही, सही नाही. भिशी मी चालवतो. कोणाचा हप्ता थकला तर चालवणाऱ्याने भरायचा, हा आमचा रिवाज. सुनील आमच्यातला स्वयंपाकी. त्याने आपली रक्कम उचलली आणि पाठोपाठ तो काम करायचा ते रेस्टॉरंट बंद पडलं. टेम्पररी व्हिसा, त्यामुळे सरकारी मदत नाही. त्याचे हप्ते मी कार्डावर काढून भरत राहिलो.

“उद्या यांच्यापैकीच कोणी म्हणालं, कर्ज फेडतो, पासवर्ड दे, तर?” अधिकाऱ्याने विचारलं.

प्रश्न विचारणं त्याचं काम. कर्जात अडकलेला माणूस विकत घेता येतो, ही भीती खोटी नाही. पण ‘यांच्यापैकी’ म्हणताना त्याने नाक मुरडलं. आणि मी काय म्हणालो? “सॉरी.” कशाबद्दल, ते मलाही माहीत नव्हतं.

संध्याकाळी माझ्या कंत्राटी कंपनीच्या मॅनेजरचा फोन. “मित्रा, सोपं आहे. त्या कुकने फसवलं असं लिहून दे. संबंध तोडले म्हण. नो वरीज.”

याचं ग्लेन वेव्हर्लीसारख्या महागड्या भागात घर. त्यावरच्या डोंगराएवढ्या कर्जाचे विनोद तो दर मीटिंगला सांगतो. घोड्यांवर पैसे लावतो, तेही सांगतो. त्याला क्लिअरन्स आहे. विटांसाठी कर्ज काढलं तर माणूस भरवशाचा. माणसासाठी काढलं तर धोका!

तरी मी लिहायला बसलो. सुनीलचं पूर्ण नाव टाइप केलं. ‘फसवणूक’ हा शब्द टाइप केला. बायको मागे उभी होती.

“पाठव,” ती म्हणाली. “आणि उद्या तूच जा त्याच्या दारात. त्याच्या बायकोला सांग, तुझा नवरा चोर आहे.”

मी सुनीलला फोन लावला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. अडखळत सगळं सांगितलं. तो म्हणाला, “दादा, दे ना माझं नाव. तुझी नोकरी वाचेल. आपल्याला काय, सवय आहे.”

सवय.

माझं डोकं भणाणलं. रागावलो ते त्याच्यावर नाही. सवय मलाच लागली होती. हसायची. सॉरी म्हणायची. आणि आता नोकरी वाचवायला मी त्याला चोर ठरवत होतो.

लिहिलेलं सगळं पुसलं. नवीन लिहिलं: ‘मला कोणी फसवलेलं नाही. सुनील माझा मित्र आहे. संबंध तोडणार नाही. कर्ज माझं आहे, मी फेडतो आहे. अशी वेळ पुन्हा आली तर पुन्हा भरीन.’

मॅनेजर म्हणाला, “हट्टीपणा करतोयस.” कंपनीने माझा अर्जच मागे घेतला. काम गेलं. क्लेटनच्या एका गोदामात मी पहाटेच्या शिफ्टला खोके उचलू लागलो. पाठ दुखायची. कार्डाचे पैसे जायचे. भिशी एकही महिना थांबली नाही.

तसं काम मिळालं की क्लिअरन्ससाठी मी पुन्हा अर्ज करणार आहे. कर्ज किती, कोणासाठी, सगळं सांगणार आहे. कॅमेऱ्यात सरळ बघून. मग समोरचा हसला, तर एकटाच हसेल.