वानखडे सरांचा दगड

अकोल्याला मी गाडीतून उतरले तेव्हा पाठीवरच्या पिशवीत कपडे कमी आणि यंत्र जास्त होतं. हातात मावणारा रामन वर्णपटमापक. लेसरचा किरण दगडावर पडला की परतणाऱ्या प्रकाशात किंचित फरक पडतो, आणि त्यावरून खनिज ओळखता येतं. वऱ्हाडात विहिरी खोदताना काळ्या पाषाणातून निघणारी सिलिकेट खनिजं मला तपासायची होती. नाशिकहून निघताना खात्री होती, दोन दिवसांत काम उरकेल.

बस तुरीच्या शेतांमधून बाळापूरला पोहोचली. किल्ल्याजवळ वानखडे सरांचं घर सापडलं. सर निवृत्त विज्ञानशिक्षक. परिसरातली विहीर न् विहीर त्यांना माहीत. त्यांच्या पत्नी कुसुमताईंनी भाकरी आणि पातोडी (बेसनाच्या वड्यांची रस्साभाजी) वाढली. तिखटाने नाकातून पाणी आलं, तरी मी दुसऱ्यांदा घेतली.

जेवण झाल्यावर सरांनी पेटीतून एक पारदर्शक खडा काढला.

"बाबांनी विहीर खंदली, तवा निघाला. मी पुस्तक न् भिंग घेऊन वळखला, अन् शाळेत 'अपोफिलाइट' अशी चिठ्ठी लावून ठेवला. तपासणीले आलेले साहेब पोरांसमोर हसले. म्हणे, मास्तर, ही गारगोटी आहे. चिठ्ठी फाडली."

अपोफिलाइट म्हणजे काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणारं, दिसायला गारगोटीसारखं खनिज. मी खडा उजेडात धरला. "सर, मलाही गारगोटीच वाटते."

"डोयानं नका सांगू. मशीननं सांगा."

अंगणात यंत्र लावलं. खनिज ओळखायला टोकदार शिखरं लागतात, पण पडद्यावर नुसताच मोठा उंचवटा आला. उन्हामुळे असेल म्हणून कुसुमताईंनी वरून घोंगडी धरली. तरी तेच.

"यावर काही लावलंय का?"

"व्हारनिश. मीच मारलं, चमकून राहावं म्हणून."

व्हार्निशच्या उजेडात खनिजाची खूण बुडत होती. आतला कोरा भाग दिसायला खडा फोडल्याशिवाय इलाज नव्हता. सरांनी तो मुठीत घट्ट धरला.

"फोडा ना," कुसुमताई म्हणाल्या. "इतके वर्सं जपून कोणाले काय समजलं?"

सरांनी स्वतःच हातोडी मारली. सपाट, मोत्यासारखा चमकणारा पापुद्रा सुटला. गारगोटी अशी सपाट फुटत नाही. तिथेच माझा चेहरा उतरला. मग यंत्र लावलं. पडद्यावर टोकदार शिखरं उभी राहिली. गारगोटीचं ओळखीचं शिखर त्यात नव्हतंच. सगळी अपोफिलाइटशी जुळली.

"सर, तुमचं बरोबर होतं. मी चुकले."

सरांनी चष्मा पुसला, फोन उचलला आणि अमरावतीला नोकरी करणाऱ्या जुन्या विद्यार्थ्याला लावला. "तू होता ना बे त्या दिवशी वर्गात? ते गारगोटी नोहती." पलीकडून आनंदाची आरोळी ऐकू आली.

परतीच्या गाडीत मी वही उघडली. नमुना, ठिकाण, खनिज लिहून झालं. 'ओळख कोणी पटवली' या रकान्यात मी नेहमी यंत्राचं नाव लिहिते. यंत्राला ते खनिज आज दिसलं. एका माणसाने ते पुस्तक आणि भिंग घेऊन कितीतरी आधी ओळखलं होतं, आणि हसं झाल्यावरही मत बदललं नव्हतं. रकान्यात मी लिहिलं : वानखडे सर, बाळापूर.